धान्याची कोठी कोणाच्या दाराशी?

(वाशीम येथे झालेल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरातील भाषण)



पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'शेतीचा शोध आणि समाजरचना' असा भारदस्त छापला आहे. दुपारी सातबारा आणि वारसनोंदीचं सत्र आहे. त्याच्या आधी दहा हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टी कशाला, असं तुमच्यातल्या काहीजणींना वाटत असेल. पण जमिनीत नाव मागायला गेलं की आपल्याला जे उत्तर मिळतं ते कायद्याचं नसतं, इतिहासाचं असतं. 'हे पहिल्यापासून असंच चालत आलंय.' भाऊ असं म्हणतो, सासरा असं म्हणतो, कधी कधी आपली आईच असं म्हणते. तेव्हा हे 'पहिल्यापासून' म्हणजे नेमकं कधीपासून, ते एकदा बघून घेऊ. मी इतिहास शिकवणारी बाई आहे, उत्खनन करणारी नाही. पण ज्यांनी केलं त्यांचं वाचलं आहे.

आपल्या चळवळीत एक वाक्य पोस्टरवर असतं, घोषणांत असतं: शेतीचा शोध बाईने लावला. ते आलं कुठून? एंगल्सने १८८४ मध्ये कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमावर पुस्तक लिहिलं. खाजगी मालमत्ता आली, ती आपल्याच मुलांना मिळावी असं पुरुषाला वाटलं, आणि तिथे बाईचा पराभव झाला, असं त्याचं म्हणणं. पुढे बंगालमध्ये देवीप्रसाद चट्टोपाध्यायांनी आणि आपल्याकडे धुळ्याच्या कॉम्रेड शरद पाटलांनी त्यावर खूप काम केलं. पाटलांनी निर्ऋती या वेदांत अशुभ ठरवलेल्या देवतेचा माग काढत आदिम शेतीतल्या स्त्रीसत्तेची मांडणी केली. या मांडणीने आमच्या पिढीला फार बळ दिलं.

पण त्यात दोन पायऱ्या आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. पहिली पायरी अशी की, शिकार करून आणि रानातलं गोळा करून जगणाऱ्या बहुतेक समाजांत कंदमुळं, बिया, भाज्या गोळा करण्याचं काम मुख्यतः बायांचं असतं. कोणतं बी कुठे रुजतं हे ज्याला रोज दिसतं त्यानेच ते पहिल्यांदा मुद्दाम टोचलं असणार. हे मला पटतं. दुसरी पायरी अशी की, बाईने शेती शोधली म्हणून त्या काळी बाईचं राज्य होतं. हे मला पटत नाही. काम करणाऱ्याच्या हाती सत्ता असते असा नियम असता, तर वाशीम जिल्ह्यातलं निम्म्याहून जास्त वावर आज तुमच्या नावावर असतं. पेरताना तिफण त्याच्या हाती आणि चाड्यावरची मूठ तिची. निंदण तिचं, खत फेकणं तिचं, कापूस वेचणं तिचं, सोयाबीनच्या सोंगणीत वाकलेली पाठ तिची. आणि सातबाऱ्यावर?

त्या जुन्या बायांचे कष्ट मात्र आता नुसते तर्काने सांगावे लागत नाहीत. त्यांची हाडं सापडली आहेत. सिरियात अबू हुरेरा नावाचं शेतीच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं एक गाव होतं. ते आता धरणाच्या पाण्याखाली गेलं आहे. तिथल्या सांगाड्यांवर थिया मॉलेसन या बाईंनी काम केलं आणि १९९४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. बायांच्या पायांची बोटं, गुडघे आणि कंबर एका विशिष्ट पद्धतीने झिजलेली होती. पायांची बोटं मागे दुमडून, गुडघ्यांवर बसून, दगडी पाट्यावर तासन् तास धान्य रगडायचं, पुढे झुकायचं, मागे यायचं. ज्यांच्या आया-आज्यांनी जात्यावर दळलं त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. २०१७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मध्य युरोपातल्या पहिल्या शेतकरी बायांची दंडाची हाडं आजच्या वल्हवणाऱ्या खेळाडू मुलींच्या हाडांशी ताडून पाहिली. सात हजार वर्षांपूर्वीच्या साध्या घरच्या बाईचा दंड त्या खेळाडूंपेक्षा ११ ते १६ टक्क्यांनी मजबूत निघाला. 'बाई जात्याच नाजूक' हे वाक्य कोणी तोंडावर फेकलं तर हे लक्षात ठेवा.

शिकार-कंदमुळांच्या जगण्यातून शेतीकडे येताना आणखी एक गोष्ट बदलली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी तीच. धान्य टिकतं. हरीण मारलं तर ते चार दिवसांत वाटून खावंच लागतं. धान्य वर्षभर ठेवता येतं. आणि ठेवता येणाऱ्या गोष्टीला राखणदार लागतो, कुलूप लागतं, वारस लागतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या मंडळींनी १९६८ पासून बारा हंगाम तिथे खोदकाम केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० असं साधारण नऊशे वर्षं तिथे शेतकऱ्यांचं गाव नांदलं. जव पिकायचा, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ होते. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या होत्या. नदीचं पाणी वळवायला पाट होता. मधल्या काळात, म्हणजे इ.स.पू. १४०० नंतर, गावाच्या मध्यभागी खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्यांची घरं आणि कडेला कुंभार, सोनार अशा कारागिरांची, अशी मांडणी दिसते. आणि मध्यभागी एक पाच खोल्यांचं घर. त्याला लागून धान्याचं कोठार.

थोडं थांबून विचार करा. पाट गावाने मिळून खणला असणार, एका घराचं ते काम नाही. मग कोठार एकाच घराच्या भिंतीला लागून का? उत्खनन करणाऱ्यांनी म्हटलं की हे गावप्रमुखाचं घर, आणि कोठारात सारावसुलीचं धान्य जमा होत असावं. म्हणजे गावाच्या घामाचं धान्य एका दाराशी आलं.

मेल्यावरही हा फरक राहिला. इनामगावात दोनशेहून अधिक दफनं सापडली, बहुतेक लहान मुलांची. मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचं आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं. इतकी मुलं जात होती. शेती आली, एका जागी राहणं आलं, तशी बाळंतपणं वाढली आणि बालमृत्यूही राहिले, असं जगभर दिसतं. त्याचा भार कोणाच्या अंगावर पडला ते सांगायला नको. मोठ्या माणसांना पुरताना घोट्यापासून पावलं तोडून टाकत. मेलेल्याने उठून जाऊ नये अशी समजूत असावी. पण त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण सापडला, आणि त्यात मांडी घालून बसवलेला एक पुरुष. त्याची पावलं शाबूत.

याच इनामगावात मातीच्या छोट्या पेटीत ठेवलेली बाईची मूर्ती मिळाली. तिला डोकं नाही. सोबत बैल होता. देवी होती तर बाईला मान असणार, असं आपण लगेच म्हणतो. मला ते पुरेसं वाटत नाही. भाद्रपदात आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात. कित्येक घरांत मुखवटे धान्य भरलेल्या कोठ्यांवरच बसवतात. कोठीची देवी बाई, पण कोठीतल्या सोयाबीनचा भाव मोंढ्यात कोण ठरवून येतं आणि पैसे कोणाच्या खिशात जातात? पूजा आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग शेती आली की बाईचा हक्क जाणारच, असं ठरलेलं होतं का? इथे गेल्या काही वर्षांत फार मोलाचा पुरावा पुढे आला आहे, तो एंगल्सकडे नव्हता आणि शरद पाटलांकडेही नव्हता. जुन्या हाडांमधून आता रक्ताचं नातं ओळखता येतं. फ्रान्समध्ये गुर्जी नावाच्या ठिकाणी सुमारे पावणेसात हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं दफनस्थान आहे. २०२३ मध्ये त्याचा निष्कर्ष आला. सात पिढ्यांचं एकच घराणं, बापाकडून मुलाकडे जाणारं. मुलगे तिथेच राहिले. मोठ्या झालेल्या मुली तिथे दिसत नाहीत, त्या दुसरीकडे गेल्या. सुना बाहेरून आल्या. म्हणजे अगदी आपलं 'लेक परक्याचं धन'. आणि तुर्कस्तानात चातालह्युक नावाचं त्याहून जुनं, नऊ हजार वर्षांपूर्वीचं मोठं गाव आहे. त्याचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे एका घराखाली पुरलेल्या माणसांचं नातं आईकडून जुळतं. मुली आईच्या घराशी बांधलेल्या राहिल्या, मुलगे बाहेर गेलेले दिसतात. लहान मुलींच्या दफनात मुलांपेक्षा कितीतरी जास्त वस्तू ठेवलेल्या होत्या. बायांचं राज्य होतं असं त्यावरून म्हणता येत नाही. खाणंपिणं मात्र दोघांचं सारखंच होतं, हेही हाडांवरूनच कळलं.

दोन्ही शेतकऱ्यांचीच गावं. एकात घर मुलाकडे, दुसऱ्यात मुलीकडे. म्हणजे जमीन कसली की ती बापाकडून मुलाकडेच जाते, असं मातीत कुठे लिहिलेलं नाही. ते माणसांनी ठरवलं, आणि ठिकठिकाणी वेगळं ठरवलं.

आता नांगराकडे येते, कारण बहुतेक वेळा खापर त्याच्यावर फुटतं. एस्टर बोसरप या बाईंनी १९७० मध्ये मांडलं की जिथे कुदळ-काठीने शेती होते तिथे बाईला शेतात स्थान असतं. नांगर आला, बैल आले, आणि शेती पुरुषाची झाली, बाई घरात गेली. यात तथ्य आहे. नांगराला बाईचा हात लागू नये ही समजूत देशभर कुठे ना कुठे आढळते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी उत्तर प्रदेश-बिहारकडचा एक विधी नोंदवून ठेवला आहे. पाऊस दडी मारून बसला की रात्री गावातल्या बायांनी नांगर ओढायचा. म्हणजे बाईने नांगर धरणं ही गोष्ट इतकी उलटी की त्याने आभाळसुद्धा हलावं!

पण बोसरपबाईंचं अर्धंच आपल्या वऱ्हाडाला लागू पडतं. नांगर आल्याने आपल्याकडे बाई घरात बसली नाही. पाटील-देशमुखांची बसली असेल. कुणब्याची, बंजाऱ्याची, आंध आदिवासींची, महार-मांगांची बाई वावरातच राहिली. नांगराने तिचं काम नाही घेतलं, त्या कामाची किंमत घेतली. जे काम बैलाच्या मागे चालून होतं ते 'शेती', आणि जे वाकून, बसून, खुरपं धरून होतं ते 'मदत'. पोळ्याला बैलाच्या मुखात पुरणपोळी जाते, ती त्याने वावर नांगरलं म्हणून. ठीक आहे, बैलाचा हक्कच आहे तो. निंदणाऱ्या बाईचा पोळा कधी असतो? आणि आता तर नांगरटी ट्रॅक्टर करतो, बसल्या बसल्या. ताकदीचा मुद्दा केव्हाच संपला. सातबारा आहे तसाच आहे.

आपल्या शेजारी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात, रावेरी गावी सीतेचं देऊळ आहे. सीता या शब्दाचा अर्थच नांगराने पडलेलं तास. लोक सांगतात की टाकून दिलेली सीता तिथे राहिली, तिथेच बाळंत झाली. लेकरांसाठी तिने गावात मूठभर गहू मागितला आणि गावाने दिला नाही. मग तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. तासातून निघालेल्या बाईला गावाच्या कोठीतला मूठभर दाणा मिळू नये! ही कथा ज्या कोणी पहिल्यांदा सांगितली, त्यांना आजच्या माझ्या भाषणातलं सगळं माहीत होतं.

आता तुमच्या गावात येते. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याच्या लेण्यांत ज्याच्या काळात मोठं काम झालं तो हरिषेण याच शाखेचा. विंध्यशक्ती दुसरा या राजाचा चौथ्या शतकातला ताम्रपट वाशीमलाच सापडला. नांदेडकडचं एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याचा तो कागद आहे, म्हणजे तांब्याचा कागद. वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेचा अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट आहे. त्यात एक हजार ब्राह्मणांना आठ हजार भूमी इतकी जमीन दिली आहे. ही जमीन कशी चालेल? शब्द आहे 'पुत्रपौत्रानुगामी'. मुलाकडे, मग नातवाकडे. मला हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. रूढी तोंडी असते तोवर ती वाकवता येते, भावजय-नणंद मिळून काही वेगळंही ठरवू शकतात. तांब्यावर कोरली की ती राजाची आज्ञा होते. याच घराण्यात प्रभावतीगुप्ता होऊन गेली. नवरा गेल्यावर तिने कित्येक वर्षं कारभार पाहिला आणि स्वतःच्या नावाने जमिनी दान दिल्या. पण तिची सत्ता मुलगा लहान होता म्हणून. आईपणाच्या दारातून आत आलेली.

आणि जमीन मुलाकडेच, जातीतच राहायची तर लेकीचं लग्न कोणाशी होतं यावर पहारा आलाच. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये, विद्यार्थी असताना, न्यूयॉर्कला जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. जातीतच लग्न हा जातीचा प्राण, आणि तो टिकवण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही साधनं, असं त्यांनी दाखवून दिलं. शेती, जात आणि बाई ही तीन वेगळी प्रकरणं नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्यातच काहीजणी म्हणतात, 'ताई, तुमचं सातबारा-सातबारा चाललंय, आमच्या घरात कोणाच्याच नावावर वावर नाही.' खरं आहे. खळ्यावर बलुतं म्हणून सूपभर धान्य घेणाऱ्यांना कोठीच नव्हती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारोंनी बाया तुरुंगात गेल्या. ई-क्लास जमिनीवर कसणाऱ्या बायांचा प्रश्न हा सातबाऱ्याच्या प्रश्नाच्या मागून येणारा नाही, सोबत चालणारा आहे. शिवाय तणनाशक आल्यापासून निंदणाची मजुरी गेली. ती बाईचीच मजुरी होती.

लिहून घेतलेलं लिहून बदलता येतं का? येतं, दोन्ही दिशांनी. केरळात नायरांच्या तरवाडात जमीन आईच्या वंशाने चालायची. तिथे भातशेती होती, बैल-नांगर होता, तरी चालायची. कारभार थोरल्या मामाच्या हाती असे, म्हणून फार हुरळून जाऊ नका. पण घर आणि जमीन मुलींच्या वंशात राही. ती पद्धत कशाने मोडली? विसाव्या शतकातल्या कायद्यांनी, १९७५ च्या कायद्याने तर पुरतीच. बाईकडून जाणारी जमीन जर कायद्याने थांबवता आली, तर बाईकडे येणारी जमीन 'परंपरेविरुद्ध' कशी?

आपल्याकडे शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला बायांचं प्रचंड अधिवेशन घेतलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. गावातल्या शंभर जणांनी बायकोच्या नावे जमीन केली की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. १९९२ मध्ये शासनाने परिपत्रक काढून नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. नवऱ्याने स्वखुशीने द्यायचं, ही त्यातली मर्यादा. भेट आणि हक्क यांत फरक आहे. पण ज्यांनी दिली त्यांच्या घरात काय बदललं ते त्या बायांनाच विचारा.

१९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला, पण त्या वेळी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने ती अट काढली आणि शेतजमिनीची जुनी पळवाटही बंद केली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ मध्ये बाप हयात होता की नव्हता याला महत्त्व नाही, हक्क जन्माने आहे. आणि गावात काय चालू आहे? महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत, शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या ५०५ बायांची पाहणी केली. शंभरातल्या चाळीस जणींना नवऱ्याच्या जमिनीचा हक्क तोवर मिळालेला नव्हता. कर्जवाल्यांना मात्र तिचा पत्ता बरोबर सापडतो.

भावाला हक्कसोड लिहून द्यावं की नाही हे मी कोणाला सांगणार नाही. माहेर तुटतं ही भीती खोटी नाही, अडीअडचणीला तेच एक दार असतं. पण सही करताना आपण काय सोडतो आहोत ते माहीत असलं पाहिजे. जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. 'नुसता अंगठा दे, तलाठ्याचं काम आहे' असं सांगून कोऱ्या कागदावर घेतलेल्या सहीला भुलू नका. फेरफाराची नोटीस आली की १५ दिवसांत लेखी हरकत देता येते. नोटीस सासरच्या पत्त्यावर येते आणि ती घेणारा दुसराच असतो, ही अडचण तुमच्यातल्या अनेकींनी सकाळी सांगितलीच.

जेवणानंतर वकीलताई बसणार आहेत. ज्यांनी सातबारा आणला आहे त्यांनी इतर हक्काचा रकानाही वाचून ठेवा, कर्जाचा बोजा तिथेच असतो. ज्यांनी आणला नाही त्यांनी गाव आणि गट नंबर चिठ्ठीवर लिहून द्या. माहेरचा गट नंबर माहीत नसेल तर शेजारच्या वावरवाल्याचं नाव लिहा, त्यावरून शोधता येतं.